लिंककाका

घरात दहावी-बारावीचं मूल असलं की दोन माणसं न बोलावता येतात. एक क्लासची पत्रकं वाटणारा आणि दुसरे लिंककाका. पहिल्याला दारातूनच वाटेला लावता येतं.

लिंककाका हल्ली प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. कुठे बँकेतून निवृत्त झालेले, कुठे शाळेतून. आमचे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या रेकॉर्ड रूममधून. त्यामुळे जगातलं ज्ञान फुकट मिळू लागलं याचा आनंद त्यांना आहेच, पण त्याची नोंद कुणी ठेवत नाही याचा घोर त्याहून मोठा. तो भार त्यांनी स्वतःवर घेतलाय. दोनशे पानी रजिस्टर, लाल शाईनं आखलेले रकाने, प्रत्येक लिंकला आवक क्रमांक, तारीख, आणि शेवटी शेरा : ‘उत्तम’. दुसरा शेरा त्या रजिस्टरात सापडत नाही.

लिंका ते हातानं उतरवून घेतात. फॉरवर्ड करायला येत नाही असं नव्हे, पहाटे पाचपासून ते तेच करत असतात. पण मूळ प्रत कागदावर हवी, हा खात्याचा संस्कार. आता यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओला अकरा अक्षरांची खूण असते आणि त्यात मोठी एबीसीडी वेगळी, छोटी वेगळी. कराडच्या भाच्याला काका ती फोनवरून सांगतात तेव्हा आख्ख्या मजल्याला ऐकू येते. ‘‘मोठा क्यू. पुढं छोटा एल... थांब, तो मोठा आय पण असू शकेल. दोन्ही करून बघ. मग रेघ. मधली नव्हे रे, खालची!’’

चेष्टा सोपी आहे, पण माहिती पक्की असते त्यांची. जूनमध्ये पुस्तकांच्या दुकानापुढे रांग लागली की हे रांगेच्या कडेनं फिरत सांगणार, ‘‘बालभारतीची सगळी पुस्तकं साइटवर पीडीएफमध्ये आहेत हो! पैसे कशाला घालवता?’’ दुकानदार त्यांना बघून रस्ता ओलांडतो. आणि एकदा बोलायला लागले की गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी वाचणाऱ्या हेळव्यासारखे थेट मूळपुरुषापासून सुरुवात करतात. २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटीनं आपले अभ्यासक्रम सगळ्यांना खुले करायचं जाहीर केलं. मग २००३ मध्ये आपल्या आयआयटी आणि बंगळूरच्या आयआयएससीनं मिळून एनपीटेल काढलं. २०१७ साली ‘स्वयं’ आलं, त्याच वर्षी ‘दीक्षा’. पुस्तकातल्या धड्यापाशी जो चौकोनी क्यूआर कोड असतो ना, तो ‘दीक्षा’चा. पोरं त्याला पेनानं मिशा काढतात, स्कॅन कुणी करत नाही!

हे सगळं ऐकून घेणारा मुलगा बिचारा एवढंच विचारायला आलेला असतो, की बारावीच्या स्थिरविद्युतची सोडवलेली गणितं कुठं मिळतील. रात्री जेवणं होईपर्यंत त्याच्या फोनवर साठ-सत्तर लिंका येऊन पडतात. त्यात एनपीटेलचा एमएस्सीचा कोर्स असतो, कुठल्याशा परदेशी विद्यापीठातली व्याख्यानं असतात आणि नववीचं विज्ञानही असतं, ‘पाया पक्का हवा’ म्हणून. दोन दिवसांनी त्याची आई जिन्यात गाठते.

‘‘काका, त्याला एकच काहीतरी सांगा ना.’’

‘‘एकच कसं सांगू वहिनी? बाकीच्यांवर अन्याय होईल.’’

पैसे घेणाऱ्या ॲपांशी त्यांचं हाडवैर. एका कंपनीच्या विक्रेत्या मुलानं एकदा त्यांना फोन केला, नातवासाठी वर्षाचं पॅकेज घ्या म्हणून. काकांनी त्याला पाऊण तास सोडला नाही. शेवटी असं निघालं की पोरगा स्वतःच बँकेच्या परीक्षेची तयारी करतोय आणि क्लास त्याला परवडत नाही. रजिस्टरात त्याचं नाव चढलं. अजून सणावाराला त्याचा नमस्काराचा मेसेज येतो.

फुकट म्हणजे वाटेल ते, असं मात्र नाही. ग्रुपवर कुणी प्रकाशकाचं गाइड स्कॅन करून टाकलं की काका ते मिनिटात उडवतात आणि खाली लिहितात, ‘लेखी परवानगी जोडावी.’ टेलिग्रामवर एका हाकेला हजार पुस्तकं मिळतात तो सगळा चोरबाजार, असं त्यांचं मत. ते मला पटतं, पण ग्रुपमधल्या पोरांना पटत नाही.

तर या सुरळीत चाललेल्या दफ्तराला धक्का दिला वॉचमनच्या मुलीनं. दहावीत, मराठी माध्यम. घरात फोन एक आणि दिवसाचा दीड जीबी, त्यातला बराचसा भावाच्या क्रिकेटला जायचा. तिनं रजिस्टर चाळलं आणि विचारलं, ‘‘काका, यातलं मराठीत काय काय आहे? आणि एकदा उतरवून घेतलं की नेट नसताना चालेल असं कुठलं?’’

काका गप्प. रेकॉर्ड रूममध्ये फाइल शोधून देणं हे काम. उघडून वाचणं हे साहेबाचं. पंचवीस वर्षांची ती सवय लिंकांनाही लागली होती. त्यांनी त्यातली एकही उघडून बघितलेली नव्हती!

मग आठवडाभर उघडत बसले. बऱ्याच लिंका मेलेल्या निघाल्या. प्रत्येकीपुढे त्यांनी ‘निकाली’ असा शेरा मारला. पण काही माल अस्सल निघाला. ‘दीक्षा’वरचे धडे उतरवून घेता येतात. मुंबई आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत आणि एकेक दहाएक मिनिटांचं. अरविंद गुप्तांच्या साइटवर मराठी पुस्तकं आणि टाकाऊतून बनवायची खेळणी. आणि ‘फेट’! नोबेल मिळालेल्या कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला प्रकल्प. त्यातले पुष्कळ खेळ-प्रयोग मराठीत आहेत, आणि नेटशिवायही चालवता येतात. तिथं वायरी जोडून विद्युतमंडल बनवायचं असतं. काकांनी पहिल्याच रात्री पडद्यावरची बॅटरी पेटवली आणि घाबरून घरातला मेन स्विच बंद केला.

मुलीच्या हातात शेवटी एक पान गेलं. सात ओळी, प्रत्येकीपुढे किती मिनिटं आणि किती एमबी. माझ्या मते त्या दोनशे पानांतलं कामाचं पान तेवढंच. पण बाकीची नसती तर ते निघालं नसतं, असं काका म्हणतात, आणि ते निवृत्त रेकॉर्ड कीपर असल्यानं त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

अडचण पुढे झाली. उघडायची सवय लागली. जन्मभर ज्या फायलींवर शिक्के मारले त्यांत ‘मृदापरीक्षण अहवाल’ म्हणून काय असायचं ते तरी कळावं, म्हणून काकांनी एनपीटेलवर मातीच्या अभियांत्रिकीचा कोर्स लावला. शिकणं फुकट, पण प्रमाणपत्राच्या परीक्षेला फी. ती त्यांनी भरली. पावती रजिस्टरात चिकटवली आहे, शेरा कोरा.

तेव्हापासून ग्रुपवर पहाटे सामसूम असते. परवा लिफ्टमध्ये भेटले, डोळे तांबारलेले, हातात कॅल्क्युलेटर.

‘‘बुधवारी रात्रीपर्यंत असाइनमेंट द्यायची आहे हो. तुमच्या ओळखीत कुणी सिव्हिलचा पोरगा आहे का? नोट्स हव्या होत्या. एकाच्याच. जास्त नकोत.’’