सोसायटीच्या सभेत बोलायचं कसं? नव्या सभासदांसाठी प्राथमिक धडे

गृहनिर्माण सोसायटीत नुकताच फ्लॅट घेतलेल्या आणि ‘वार्षिक सभेला जाऊन चार शब्द बोलावेत’ असं मनात येऊ लागलेल्या होतकरू सभासदांसाठी हे धडे आहेत. पूर्वानुभवाची गरज नाही. विषयाची माहिती असण्याची तर मुळीच नाही. गच्ची गळते, लिफ्ट मधेच अडकते, सिंकिंग फंडात नेमके किती पैसे आहेत ते कोणालाच ठाऊक नसतं, हे सगळं कार्यक्रमपत्रिकेवर असतं. सभेत मात्र त्याचा उपयोग खुंटीसारखा होतो. ज्याने त्याने आपापला कोट तिथे टांगायचा असतो.

धडा पहिला: आपण कोण ते ठरवा

काय बोलायचं हे नंतर पाहू. आधी कोण म्हणून बोलणार? तुमचं नाव इथे कोणाला माहीत नाही, तुम्ही ‘३०२वाले’ आहात. तेव्हा पहिल्या वाक्यातच स्वतःची स्थापना करावी लागते. नवशिक्याला झेपतील अशा भूमिका खाली दिल्या आहेत.

निवृत्त अधिकारी: ही सर्वांत भारदस्त. या भूमिकेत कर्ता वापरायचा नाही. ‘मी सांगितलं होतं’ असं न म्हणता ‘सदर बाब यापूर्वीही निदर्शनास आणून देण्यात आली होती’ असं म्हणायचं. माणूस निवृत्त झाला तरी त्याचं वाक्य सेवेत राहतं. मुदतवाढ त्याला आपोआप मिळत जाते.

संस्थापक सभासद: ‘इथे नुसता चिखल होता तेव्हापासून मी आहे.’ भाषण कोणत्याही विषयावर असो, सुरुवात चिखलापासूनच करावी.

सीए: फक्त एक प्रश्न, ‘व्हाउचर कुठंय?’ उत्तर मिळालं तरी मान हलवून नाराजी व्यक्त करावी.

न्यू जर्सीवाले: मुलगा तिकडे असतो. दरवर्षी तीन महिने त्याच्याकडे राहून आल्यामुळे इथल्या कचऱ्याचा प्रश्न तिथे कसा सुटला असता हे यांना तपशीलवार सांगता येतं.

सामान्य माणूस: ‘मला कायद्यातलं काही कळत नाही, पण...’ अशी सुरुवात करणाऱ्यापासून चार हात दूर बसावं. त्याच्या पिशवीत उपविधींची झेरॉक्स असते आणि तिच्यावर पिवळ्या रेघा मारलेल्या असतात.

भूमिका एकदा घेतली की विषय बदलला तरी तुमचं वाक्य बदलत नाही. गच्ची गळते म्हटल्यावर अधिकाऱ्याला जुना पत्रव्यवहार आठवतो, संस्थापकाला चिखल आठवतो, सीएला मागच्या वॉटरप्रूफिंगचं बिल आठवतं. पाणी मात्र चौथ्या मजल्यावर सगळ्यांसाठी सारखंच उतरत असतं.

धडा दुसरा: उशिरा या

सूचनापत्राच्या तळाशी लिहिलेलंच असतं: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी पुन्हा भरेल. मुरलेले सभासद त्या दुसऱ्या सभेलाच येतात. वेळेवर आलात तर नवे आहात हे कळतं आणि सतरंजीही तुम्हालाच घालावी लागते.

धडा तिसरा: भाषा निवडा

मुंबई-ठाण्यातल्या सोसायटीत राहत असाल तर हा धडा दोनदा वाचा. सभा मराठीत सुरू होते. एक बिगरमराठी सभासद आत आला की सगळी सभा हिंदीत शिरते. त्याने तशी विनंती केलेली नसते, कित्येकदा तो आपल्याहून बरी मराठी बोलतो. पण ‘आम्ही समजूतदार लोक आहोत’ ही आपली स्वतःबद्दलची समजूत आपल्याला इतकी प्रिय असते की तिच्यापायी आपण व्याकरण मोडलेलं हिंदी तासभर बोलू शकतो. भांडण पेटलं की इंग्रजी येतं. ‘धिस इज नॉट डन’ हे वाक्य पाठ करून ठेवा, ते कुठेही चालतं.

याला शास्त्राधार आहे का, असं झेरॉक्सवाले विचारतीलच. आहे. समोरच्याला जवळ करायचं असेल तर माणूस आपलं बोलणं त्याच्या बोलण्याकडे सरकवतो आणि आपलं वेगळेपण राखायचं असेल तर मुद्दाम लांब नेतो, अशी मांडणी हॉवर्ड जाइल्स या अभ्यासकाने १९७०च्या दशकात केली. त्याचा नि रिचर्ड बूर्हीचा वेल्समधला एक प्रयोग १९७७ साली प्रसिद्ध झाला. वेल्श शिकणाऱ्या प्रौढांना भाषाप्रयोगशाळेत बसवून ऐटबाज इंग्रजी उच्चारांच्या माणसाने ध्वनिफितीवरून विचारलं, या मरणपंथाला लागलेल्या भाषेच्या मागे तुम्ही कशाला लागलात? त्यासरशी शिकणाऱ्यांच्या इंग्रजीतला वेल्श हेल जाड झाला. काहींनी उत्तरात वेल्श शब्द पेरले. एक बाई काही वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी मायक्रोफोनमध्ये शांतपणे एका अश्लील वेल्श क्रियापदाची रूपं चालवायला सुरुवात केली.

आपल्याकडे क्रियापदापर्यंत जायची वेळ येत नाही. ‘मराठीची काय गरज आहे, सगळ्यांना हिंदी समजतं ना?’ एवढं कोणी म्हणू द्या. आत्तापर्यंत ‘मेरेको लगता है’ करणारे आपले तीनशे एकवाले ताडकन उठतात आणि ‘सन्माननीय अध्यक्ष महोदय’ अशी सुरुवात करून ‘तथापि’पर्यंत जाऊन पोहोचतात. हे ‘तथापि’ त्यांच्याकडे होतं हे त्यांच्या घरीही माहीत नसतं.

वर्षानुवर्षं एकत्र राहून भाषांमधला हा फरक पुसला जाईल, अशी आशा बाळगू नका. सांगलीजवळच्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ साली छापून आला. जैनांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, दलितांच्या घरी मराठी, आणि चावडीवर सगळ्यांची मराठी, हे तिथे कित्येक पिढ्या चाललेलं होतं. इतक्या सहवासाने तिन्ही भाषांची वाक्यरचना इतकी एकसारखी झाली होती की एका भाषेच्या वाक्यात शब्दामागे शब्द बदलत गेलं की दुसरीचं वाक्य तयार. पण शब्द कोणी सोडले नाहीत. घरात आपण कोण आहोत हे त्या शब्दांनीच कळायचं. तुमच्या सभेतही असंच आहे. तक्रारीची रचना सगळ्यांची एकच, ‘मी वेळेवर मेंटेनन्स भरतो, तरीपण...’ शब्द तेवढे ज्याच्या त्याच्या घरचे.

धडा चौथा: ‘ह्यांना वेळ नव्हता’

काही महिला सभासद बोलण्याआधी खुलासा देतात: ‘ह्यांना वेळ नव्हता म्हणून मी आलेय.’ वास्तविक फ्लॅट दोघांच्या नावावर असतो. भाग दाखल्यावर पहिलं नाव असलेला हजर नसेल तर दुसऱ्या नावाच्या व्यक्तीला मत देता येतं, तसं सहकार कायद्यातच आहे. म्हणजे बाई हक्काने आलेल्या असतात आणि बदली म्हणून बोलतात. त्यात गळकी भिंत दिवसभर त्यांच्यासमोर असते, त्यामुळे पाणी कोणत्या पाइपातून येतंय ते सभेत त्या एकट्याच सांगू शकतात. त्या ते सांगतात. अध्यक्ष म्हणतात, ‘बरं, साहेबांना पाठवा.’ या धड्यात विनोद शोधू नये.

भाडेकरूंसाठी वेगळा धडा नाही, कारण त्यांना सभेत स्थान नाही. त्यांच्याबद्दल मात्र भरपूर बोललं जातं. तेही ते ऐकतात, दारातून, चप्पल न काढता.

धडा पाचवा: ऐकणे

हा विषय प्राथमिक अभ्यासक्रमात नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा की सभेत काय म्हटलं ते कोणी ऐकत नाही, कोण म्हणालं ते ऐकतात. तुमचीच सूचना सेक्रेटरींनी पाच मिनिटांनी स्वतःची म्हणून मांडली तर टाळ्या पडतील. आणि तुमचं सेक्रेटरींशी पटत नसेल तर तुम्हीच तिला विरोध करून बसाल.

धडा सहावा: पार्किंग

सभा संपल्यावर लगेच घरी जाऊ नका. अर्विंग गॉफमनने शेटलंड बेटांवरच्या एका हॉटेलात पाहिलं होतं की स्वयंपाकघरातली माणसं पाहुण्यांसमोर जेवणघरात गेली की निराळी होतात. त्याचं १९५९मध्ये अमेरिकेत निघालेलं पुस्तक रोजच्या वागण्यातल्या अशा रंगमंचावर आणि पडद्यामागच्या भागावर आहे. आपल्या सोसायटीत पडद्यामागचा भाग म्हणजे पार्किंग. मघाशी एकमेकांना कायदा दाखवणारे अधिकारी आणि सीए तिथे एका स्कूटरला टेकून उभे असतात. अधिकाऱ्यांच्या वाक्यात कर्ता परत आलेला असतो: ‘माझ्या मेव्हण्याकडे एक प्लंबर आहे, बोलावू का?’ सीए व्हाउचर मागत नाहीत. सोसायटीतली जी काही दुरुस्ती होते ती इथे ठरते, कारण बघायला कोणी नसतं आणि कोणी होऊन दाखवायची सोय नसते. माझं मत विचाराल तर कोरम पार्किंगमध्येच मोजावा. पण उपविधीत तशी तरतूद नाही.

इतिवृत्तात यातलं काहीही येत नाही. अडीच तासांचं तिथे ‘चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर’ एवढंच उरतं, आणि खाली सूचक नि अनुमोदक अशी दोन नावं. नाव छापून यावं अशी इच्छा असेल तर भाषणाच्या फंदात न पडता अनुमोदक व्हा. नुसता हात वर करावा लागतो.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि तिची सूचना १४ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते. तेवढ्या दिवसांत सूचनेबरोबर आलेला ताळेबंद वाचून काढा. तो तीन-चार पानांचाच असतो, आणि तो वाचून आलेला माणूस सभेत सहसा एकही नसतो.