बोर्डाजवळ गर्दी करू नका

कॅरमच्या बोर्डाभोवती खेळणाऱ्यांपेक्षा बघेच जास्त. स्ट्रायकर रेषेवर ठेवून, पावडर फुंकून, एक डोळा मिटून नेम धरावा, तर खांद्यावरून कुणीतरी वाकतंच. "काका, जरा मागे सरका हो," म्हणणारा खेळाडू आपल्याला किरकिऱ्या वाटतो. पण भौतिकशास्त्र त्याच्या बाजूचं आहे. बिलियर्डच्या चेंडूंचा हिशेब मायकेल बेरी यांनी १९७८ साली मांडला. टेबलाजवळ वावरणाऱ्या माणसांचं गुरुत्वाकर्षण हिशेबात धरलं नाही, तर जेमतेम नवव्या टकरीपाशी भाकीत कोलमडतं. धक्का लागायलाच हवा असं नाही, काकांचं पोट पुरतं! आपल्याकडे तोवर सोंगट्या थांबतात, ही घर्षणाची कृपा.

अनिश्चितता म्हटलं की सगळे क्वांटमकडे बोट दाखवतात. न्यूटनची सृष्टी कशी शिस्तीची! एका क्षणी साऱ्या वस्तूंच्या जागा आणि त्यांच्यावरची बलं ज्या बुद्धीला ठाऊक, तिला भविष्य भूतकाळाइतकंच उघडं, असं लाप्लासने १८१४ साली लिहून ठेवलं. फक्त जागा नेमकी हवी. नेमकी म्हणजे किती? १९६१मध्ये एमआयटीत एडवर्ड लोरेन्झ संगणकावर हवामानाचं गणित चालवत होते. जुनं गणित मधूनच पुन्हा सुरू करायचं होतं. यंत्राच्या पोटात ०.५०६१२७ होतं, छापील कागदावर ०.५०६. त्यांनी कागदावरचं भरलं आणि कॉफी प्यायला गेले. तासाभराने येऊन पाहतात तो यंत्रातले दोन महिने उलटलेले, आणि नव्या हवामानाला जुन्याची ओळखही उरलेली नाही.

बरं, अंक वाढवा. पण अनंत अंक कुठल्या पट्टीवर मोजणार? मॅक्स बॉर्न यांना क्वांटममधल्या संभाव्यतेसाठी १९५४चं नोबेल मिळालं, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी न्यूटनच्या यांत्रिकीबद्दलही तीच शंका काढली: अनंत अंकांपर्यंत नेमकी जागा, या बोलण्याला भौतिक अर्थच नाही.

जॉन नॉर्टन यांनी २००३ साली यावरही ताण केली. त्यांच्या घुमटाच्या टोकावर, अगदी नेमक्या जागी, एक कण स्वस्थ बसलेला. न्यूटनच्या नियमांनुसार तो तसाच बसून राहू शकतो. किंवा वाटेल त्या क्षणी, वाटेल त्या दिशेला, कुणी न ढकलता घरंगळू शकतो. दोन्ही उत्तरं बरोबर! असा घुमट प्रत्यक्षात बांधता येणार नाही, टोकाशी त्याची वक्रता अनंत होते, अशी हरकत निघाली. कबूल. पण ज्याला लांबी-रुंदीच नाही असा कण तरी कुठल्या दुकानात मिळतो?