संदर्भ क्र. ४७

भाची पीएच.डी.चा प्रबंध घेऊन घरी आली. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघावं, एवढीच तिची अपेक्षा. पण मला पुस्तक शेवटून उघडायची खोड आहे. शेवटी संदर्भसूची होती. नोंदी ११२.

‘‘इतके?’’

‘‘सर म्हणाले, शंभराच्या वर गेलं की भारदस्त दिसतं.’’

कोणते, हे सरांनी विचारलं नव्हतं.

सूचीतल्या निम्म्याअधिक नियतकालिकांचं नाव ‘इंटरनॅशनल’ने सुरू होत होतं. त्यातल्या एकाचा पत्ता शोधला, तर तो एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर निघाला. ‘‘पण मामा, प्रत्येकाला आयएसएसएन आहे!’’ अगं, आयएसएसएन हा नियतकालिकाचा ओळख क्रमांक, म्हणजे गाडीची नंबर प्लेट. गाडी कोणती ते कळतं, चालवणारा प्यायलेला आहे का ते कळत नाही.

हे मी मनाचं सांगत नाही. २०१३मध्ये ‘सायन्स’साठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक खोटा शोधनिबंध रचला. दगडफुलातल्या रसायनाने म्हणे कॅन्सर आटोक्यात येतो. रसायनशास्त्र शिकलेल्या कोणालाही दिसाव्यात अशा चुका त्यात मुद्दाम पेरल्या आणि तो वेगवेगळ्या नावांनी ३०४ नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी ‘स्वीकारला’ म्हणून कळवलं. भारतातून चालणाऱ्यांपैकी ६४ जणांनी होकार दिला, नकार अवघ्या १५ जणांचा. आपल्याकडे दगडफूल गोडा मसाल्यात घालतात, त्यामुळे कदाचित जिव्हाळा वाटला असेल.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८च्या मे महिन्यात आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात उडवली. म्हणजे आदल्या दिवसापर्यंत ती मान्यच होती. नियतकालिकं गेली, त्यांच्या जोरावर पदरात पडलेल्या बढत्या गेल्याचं मात्र ऐकिवात नाही. मग ‘केअर’ नावाची सोवळी यादी आली. २०२५मध्ये तीही बंद. आता संस्थांनी आपलं डोकं वापरून ठरवावं, असं आयोग म्हणतो. डोक्यांची यादी अजून कोणी काढलेली नाही.

बरं, यादीतलं मोठं नाव असलं म्हणजे निर्धास्त व्हावं, तर तेही नाही. लस आणि ऑटिझम यांचं नातं सुचवणारा वेकफिल्ड नावाच्या संशोधकाचा निबंध १९९८मध्ये छापला तो ‘लॅन्सेट’ने. मागे घेतला २०१०मध्ये. तोवर बारा वर्षं तो जगभर फिरत होता.

मग भरवसा ठेवायचा कशावर? इतिहास संशोधक राजवाड्यांकडे तर कसलीच यादी नव्हती. वि. का. राजवाडे दप्तरं धुंडाळत गावोगाव फिरले आणि १८९८मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. तोवर इतिहास म्हणजे बखरी. राजवाड्यांनी पत्रं शेजारी ठेवून बखरींचे पाय किती मातीचे आहेत ते प्रस्तावनेत दाखवून दिलं. त्यांच्या लेखी एका अस्सल चिटोऱ्याचं वजन बखरींच्या गठ्ठ्याहून जास्त. चौकशी साधी असे: लिहिणारा कोण, कधी लिहितोय, कोणाच्या सांगण्यावरून, आणि त्याला हे कळलं कसं? बखरकार सभासद शिवछत्रपतींच्या दरबारातला माणूस खरा, पण लिहायला बसला तो जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून आणि आठवणीतून. दुसरा बखरकार चिटणीस तर शिवछत्रपतींनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहितो. (खुद्द राजवाड्यांच्या कित्येक व्युत्पत्त्या आज हसून सोडून द्याव्या लागतात. चिटोऱ्याचा न्याय त्यांनाही लागू.)

शिवजन्माच्या तिथीचंच बघा. बखरींच्या भरवशावर आपण शके १५४९ची वैशाख शुद्ध द्वितीया धरून चाललो होतो. मग भोरकडच्या कारी गावातून, जेधे देशमुखांच्या घरातून एक शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, बाहेर आली. टिळकांनी ती १९१६मध्ये छापली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी, आणि जोधपूरला सापडलेल्या कुंडलीतही तीच. कारीचा देशमुख, संस्कृत कवी आणि राजस्थानचा ज्योतिषी एका पंगतीला बसून ठरवायला गेले नव्हते. तीन वेगळ्या घरांतून एकच तिथी निघाली, म्हणून आज सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला.

भाची जांभई देत होती. मी मुकाट्याने सूचीवर आलो आणि बोट पडलं ते क्रमांक ४७वर. लेखक, नियतकालिक, खंड, अंक, पृष्ठं २१३ ते २२९, सगळं जागच्या जागी. नियतकालिक खरोखरीचं, खंडही खरा. मी तो उघडला. २१३व्या पानावर सोयाबीनवरच्या खोडमाशीबद्दल कोणीतरी तळमळीने लिहिलं होतं. भाचीचा विषय संतसाहित्य.

‘‘हा तू कुठे वाचलास?’’

‘‘वाचला नाही. मिळाला.’’

‘‘कोणी दिला?’’

तिने मोबाइल पुढे केला. कृत्रिम बुद्धीचं ते कुठलंसं ॲप. म्हटलं, त्यालाच विचार, हा निबंध खरंच आहे का. तिने विचारलं. उत्तर लगेच आलं: क्षमस्व, आपण म्हणता ते बरोबर आहे, असा निबंध नाही. त्याऐवजी हा संदर्भ वापरावा. खाली नवा लेखक, नवं नियतकालिक, नवी पृष्ठं.

भाचीने तो उतरवून घेतला. ४७ क्रमांक रिकामा ठेवला तर पुढचे सगळे बदलावे लागले असते.