ॲडमिशनवाले आप्पा

आप्पांच्या काखेत कायम एक प्लॅस्टिकची फाइल असते. तिच्यात नातवाचा जन्मदाखला, वीजबिल, आधारच्या झेरॉक्स, एक नोंदणीकृत भाडेकरार आणि कुणाचेही असू शकतील असे डझनभर पासपोर्ट फोटो. ॲडमिशनचा हंगाम लागला की न्हावऱ्यापासून चौफुल्यापर्यंत ज्या घरात पाच-सहा वर्षांचं पोर असेल, तिथून आप्पांना बोलावणं येतं. भीमेच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. आप्पांचे सोयरे दोन्ही काठांवर आहेत, त्यामुळे दोन्ही तालुक्यांतल्या शाळा त्यांनी पारखलेल्या.

पारखायची त्यांची रीत वेगळी. शाळेच्या आत ते पाऊल टाकत नाहीत. सुटायच्या वेळेला समोरच्या टपरीवर चहा सांगतात आणि बाजारात बैलाचे दात मोजावेत तसे फाटकावरचे पालक मोजतात. बुलेट किती, चारचाक्या किती, डबा घेऊन आलेल्या बाया कुठल्या आळीतल्या, आडनावं काय. वर्गात गणित कोण शिकवतं हा प्रश्न त्यांना पडत नाही. "शिक्षकांची बदली व्हती राव, संगतीची व्हत नाय," हा त्यांचा सिद्धांत.

"मी जातपात मानत नाही" अशी सुरुवात करून आप्पा वाक्याच्या शेवटी अचूक जातीवरच उतरतात. मधल्या प्रवासात 'संस्कार', 'वळण', 'घरचं वातावरण' अशी स्टेशनं लागतात. सूनबाई बीएस्सी आहेत. त्या एकदा म्हणाल्या, "आप्पा, शिकवतात कसं ते तरी बघा." आप्पा म्हणाले, "ते तू बघ गं. मी बाकीचं बघतो."

गावातली जिल्हा परिषदेची शाळा त्यांनी कधीच बाद केली. रांजणगावला एमआयडीसी आली, सणसवाडी-कोरेगावकडे कारखाने उभे राहिले, बिहार-यूपी-ओडिशातली कुटुंबं कामाला आली आणि त्यांची मुलं साहजिकच जवळच्या मराठी शाळेत बसली. "समदी भय्यांचीच पोरं," आप्पा सांगतात. हे भय्ये राहतात आप्पांच्याच चाळीत. एक तारखेला भाडं घेताना ते 'भय्याजी' असतात. 'जी' साधारण पाच तारखेपर्यंत टिकतो. गंमत म्हणजे चाळीतल्या ओडिया ड्रायव्हरची मुलगी अस्सल शिरूरच्या हेलात "आवं आप्पा, नळाला पानी न्हाय" म्हणून ओरडते, आणि इंग्रजी माध्यमाच्या केजीत घातलेला नातू त्यांच्याकडे "वन मँगो" मागतो. आप्पांना याचं कोण कौतुक!

झेडपीला नाकं मुरडणाऱ्या आप्पांनी शिक्रापूरजवळच्या वाबळेवाडीत मात्र खेटे घातले. तीही जिल्हा परिषदेचीच शाळा. पण तिचं नाव झालं, काचेच्या वर्गखोल्या पाहायला लांबून लोक आले, प्रतीक्षायादी हजारांत गेली. ही झेडपी कशी चालते, असं मी विचारलं. "गाड्या बघा ना कुठल्या पासिंगच्या हायेत," आप्पा म्हणाले.

एकट्या आप्पांना हसून भागणार नाही. त्यांची परंपरा थोरामोठ्यांची आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातून 1893 साली पुण्याच्या शिकल्यासवरल्या पालकांनी मुली भराभर काढून नेल्या, त्या काही शिकवणं कच्चं होतं म्हणून नव्हे. मुली ख्रिस्ताच्या प्रार्थनेला बसतात, अशी बोलवा होती. न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकरांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. पुढे दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभारलं. तिथे सगळ्या जातींच्या मुली एकत्र राहिल्या, शिकल्या. बहुतेकींना विचारणारं मागे कुणी उरलंच नव्हतं. शेजारी कोण बसलंय म्हणून हरकत घ्यायला फाटकावर कोण येणार? केडगाववरून जाताना आप्पा हात जोडतात. "बाई लई मोठ्या. पण नातीला तिथं नसती घातली."

आप्पांचा खरा राग शिक्षण हक्क कायद्यावर. 2009 च्या या कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत प्रवेशाच्या वर्गातल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांना दिल्या. "आपण फी भरायची अन् शेजारी फुकटातलं पोरगं." फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला त्या जागांतून सूट. आप्पांनी टपरीवर सगळ्यांना चहा पाजला.

आणि त्याच उन्हाळ्यात आप्पांना कुणबी नोंद सापडली.

कुणबी दाखल्यासाठी गावोगाव लोक तेव्हा जुनी दप्तरं उपसत होते. 1967 च्या आधीचा पुरावा हवा. आप्पांच्या वडिलांच्या नावापुढे 'कुणबी' लिहिलेलं निघालं ते गावच्या मराठी शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात. आप्पा कित्येक वर्षांनी त्या शाळेची पायरी चढले. चिक्की चघळत एक बिहारी पोरगं त्यांना ऑफिस दाखवायला पुढे झालं.

दाखला मिळाला, म्हणजे ओबीसी. ओबीसी, म्हणजे वंचित गट. वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही, हे आप्पांनी तीनदा विचारून पक्कं केलं. आता मात्र फेब्रुवारीचा तोच नियम त्यांना काळा कायदा वाटू लागला. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला तेव्हा आप्पांनी पेढे वाटले. चहा पाजलेल्यांनाच.

पुढच्या वर्षी नातवाचा पंचवीस टक्क्यांतला अर्ज भरताना नकाशावरचा लाल फुगा घरावर ठेवायचा होता. आप्पांनी तो शिरूरमध्ये भाड्याने घेतलेल्या खोलीवर ठेवला. त्या खोलीत आजवर एक बादली आणि भाडेकरार एवढेच राहिलेत. पुण्यात सोडत निघाली, मोबाइलवर मेसेज आला, पडताळणी झाली. सरकार शाळेला या मुलामागे वर्षाला 17,670 रुपये देणं लागतं, हे कळल्यावर आप्पा म्हणाले, "म्हंजे फुकट न्हाय. सरकार भरतंय."

शाळेच्या पहिल्या दिवशी समोरच्या टपरीवर आप्पांच्याच वयाचे एक पांढरी टोपीवाले बसले होते. त्यांनी आप्पांची फाइल पाहिली, चपला पाहिल्या, नातवाचं नवं कोरं दप्तर पाहिलं.

"कुठलं म्हनायचं पाव्हणं?"

"हितलंच. शिरूरचं."

"आडनाव?"

आप्पांनी सांगितलं.

"फी भरून, का पंचवीस टक्क्यातनं?"

"छ्या! जनरल," आप्पा म्हणाले, आणि चहाचे दोघांचे पैसे स्वतः दिले.