पंखा बंद करा

"पूजेला आली नाहीस ती? बरं केलंस हो. शिरा म्हणजे नुसता भुगा."

काकींनी गडग्याशी येऊन पदर खोचला. म्हणजे आता अर्ध्या तासाची निश्चिती. श्रावणात दोन सरींच्या मध्ये मिळते तेवढी उघडीप होती आणि पलीकडे पडवीत नाना डाळिंब्या सोलत बसले होते. नाना फारसं बोलत नाहीत. लग्न झाल्यापासून त्यांना त्याची गरज पडलेली नाही.

"सव्वाच्या मापाने घेतलंन म्हणे सगळं. रवा सव्वा, साखर सव्वा. तूप तेवढं वाटेत कुठे अडलं कोण जाणे. थोरल्या सुनेने पैठणी नेसलीन, ती माहेरची की इकडची, ते काही शेवटपर्यंत कळू दिलंन नाही. आणि मुंबईची नणंद ऐन आरतीच्या आधी उठून गेली. त्याचं कारण मला ठाऊक आहे, ते नंतर सांगते. बाकी विशेष काही नाही."

"पंखा," पडवीतून आवाज आला.

"पंख्याचं काय? पंखा बंद होता."

"तेच," नाना म्हणाले आणि पुन्हा डाळिंब्यांत शिरले.

आता नानांनी दोन शब्द काढले म्हणजे त्यात काहीतरी असणार. मी गडग्याला आणखी चिकटले. बऱ्याच खणाखणीनंतर हकिगत बाहेर आली ती अशी. पूजेला बसला होता धाकटा मुलगा. पहिल्यांदाच कद नेसलेला, घाबरलेला आणि म्हणून अत्यंत आज्ञाधारक. भटजी संकल्पाचं एकेक पद सांगत होते, हा हात जोडून, डोळे मिटून ते जसंच्या तसं म्हणत होता. मध्येच निरांजन फडफडायला लागलं. भटजींनी त्याच सुरात, त्याच पट्टीत म्हटलं, "पंखा बंद करा." आणि यजमानाने तितक्याच भक्तिभावाने म्हटलं, "पंखा बंद करा."

भटजी थांबले नाहीत. पुढचं पद. यजमानही थांबला नाही. त्याच्या हाताला हात लावून बसलेल्या बायकोच्या पळीतलं पाणी मात्र ताम्हन सोडून पाटावर सांडलं.

"मी तीन हातांवर बसले होते," काकी म्हणाल्या. "मला कसं नाही ऐकू आलं?"

"तू पंखा कोण बंद करतंय ते बघत होतीस."

"आणि कोणी केला मग?"

"मी," नाना म्हणाले.

मला हसू आवरेना. घरभर माणसं, समोर घडलेली गोष्ट, आणि ती दिसली मोजक्यांना. नंतर डोक्यात आलं की यातली मौज यजमानाच्या वाक्यात आहे हे खरं, पण ती टिकली भटजींमुळे. ते हसले असते, किंवा 'अहो, हे नाही म्हणायचं' असं म्हणाले असते, तर तो चार माणसांत झालेला एक साधा घोटाळा ठरला असता. भटजी ढिम्म राहिले म्हणून पंखा संकल्पात जाऊन बसला. विनोद निघतो बोलणाऱ्याच्या तोंडून, पण खसखस पिकते ती ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर, हे माझं जुनं मत आहे. काकींना ते मान्य नाही.

"काहीतरीच! अशोक सराफ बोलतो म्हणून हसू येतं. ऐकणाऱ्याकडे बघायला तिकीट काढतं का कोणी?"

अशोक सराफांचं नाव निघालं की काकींशी वाद घालू नये, तरी मी घातला. 'धुमधडाका' घ्या. १९८५ चा. त्यातला तोंडात पाइप धरलेला बडा उद्योगपती आणि त्याचं ते वख्खा-विख्खी सगळ्यांना पाठ आहे. पण ते कुणी लिहिलेलं नव्हतं. पाइपच्या धुराने खरोखरच ठसका लागला आणि त्या ठसक्याचंच बोलणं करून टाकलं, असं सराफांनीच मुलाखतीत सांगितलं आहे. ठीक, तो बोलणाऱ्याचा विनोद, एक मार्क काकींना. पण त्याच सिनेमात लक्ष्मीकांत बेर्डे बापाला आपल्या भावी चित्रपटाची भुताटकीची गोष्ट ऐकवतो, तेव्हा तुम्ही कोणाकडे बघता?

"लक्ष्याकडे."

"आता पुढच्या वेळी शरद तळवलकरांकडे बघा."

हा प्रसंग मूळचा आपला नाही. १९६४ साली श्रीधर या दिग्दर्शकाने तमिळमध्ये 'कादलिक्क नेरमिल्लै' काढला, त्यात नागेश गोष्ट सांगतो आणि बालय्या ऐकतो. त्याच श्रीधरने १९६६ मध्ये तो हिंदीत 'प्यार किये जा' म्हणून केला, तिथे सांगणारा मेहमूद आणि ऐकणारा ओमप्रकाश. मग महेश कोठारेंनी तो मराठीत आणला. भाषा तीन, सांगणारे तीन, पण प्रसंग उभा राहतो तो तिन्ही वेळा खुर्चीत बसून ऐकणाऱ्या म्हाताऱ्यावर. मेहमूद दार कुरकुरण्यापासून सगळे आवाज तोंडाने काढतो, कमाल करतो, वादच नाही. पण घाबरतो कोण? ओमप्रकाश. दिवसाउजेडी, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलाला घाबरतो, आणि ते बघून आपण खुर्चीवरून खाली येतो. त्या भूमिकेचं फिल्मफेअर मेहमूदला मिळालं. ओमप्रकाश नसता तर मेहमूदने ती गोष्ट कोणाला सांगितली असती, हे बक्षीस देणाऱ्यांनी विचारात घेतलेलं दिसत नाही.

"मग 'बनवाबनवी'चं काय?" काकींनी ठेवणीतलं काढलं.

१९८८ सालची 'अशी ही बनवाबनवी' काकींना दाखवायला लागत नाही, त्या ती म्हणतात. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ मधल्या 'बीवी और मकान'वरून ती घेतली, पण वसंत सबनीसांनी ती अशी काही मराठी करून टाकली की मूळ सिनेमाचं नाव आज कोणाला सांगितलं तर तो आपल्यालाच वेड्यात काढतो. त्यातल्या सत्तर रुपयांची गोष्ट तर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मधुमेहावरचं इस्राईलचं औषध आणतो म्हणून धनंजय मानेने घरमालकाकडून घेतलेले ते सत्तर रुपये. पुढे औषध आणणारा मित्रच वारला आणि त्याच्यासोबत ते सत्तर रुपयेही, हे माने मालकाला अगदी शांतपणे कळवतो.

"काकी, तेव्हा सुधीर जोशींकडे बघितलंत कधी?"

"घरमालकाकडे काय बघायचं? त्याचे पैसे गेले."

"तेच बघायचं."

सुधीर जोशी हा माणूस मला नेहमी जरा उपेक्षित राहिल्यासारखा वाटतो. समोर अशोक सराफ म्हटल्यावर कॅमेरा, प्रेक्षक आणि काकी तिघेही तिकडे. पण तोंडावर बातमी येऊन आदळते त्या क्षणी या गृहस्थाला दुःख करायचं आहे मित्राचं आणि होतंय पैशांचं, आणि दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत नाहीये. हे काम बोलण्यापेक्षा अवघड आहे. बोलणाऱ्याला निदान वाक्य दिलेलं असतं.

इथे पडवीतून पुन्हा आवाज आला. "मुडदा."

काकी दचकल्या. मला मात्र कळलं. नाना तरुणपणी मुंबईत नोकरीला होते आणि त्यांचा आयुष्यातला एकच सिनेमा आहे, १९८३ चा 'जाने भी दो यारो'. कुंदन शाह, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेला दिग्दर्शक. पैसे सरकारी चित्रपट महामंडळाचे, तेही जेमतेम सात लाखांच्या आसपास. दोन फोटोग्राफरांची गोष्ट. कॅमेरा नसीरुद्दीन शाहने स्वतःचा आणून दिला होता आणि चित्रीकरण चालू असताना तोही चोरीला गेला.

"ऐकणारा म्हणतेस ना? मुडद्यासारखा ऐकणारा नाही." नानांनी सूप बाजूला ठेवलं. हे एवढं मोठं वाक्य मी त्यांच्या तोंडून पूर्वी ऐकलं नव्हतं, आणि काकींनीही नसावं, कारण त्या गप्प बसल्या.

आणि खरंच की. डिमेलो कमिशनर झालेला सतीश शाह सुरुवातीला थोडा वेळ जिवंत असतो, मग उरलेला सिनेमा प्रेत. रात्री दारू प्यायलेला ओम पुरी रस्त्यात पडलेल्या शवपेटीपाशी गाडी थांबवतो. त्याला ती बंद पडलेली मोटार वाटते आणि आत बसलेला तिचा मालक. मग तो त्या मालकाशी अदबीने बोलतो, मदत देऊ करतो, आणि शेवटी पेटी आपल्या गाडीला बांधून निघतो. हसू सगळं ओम पुरीच्या बोलण्याला, असं वाटतं. पण सतीश शाहने एक पापणी हलवली असती तर? नट म्हणून त्याच्याकडे वाक्य नाही, हालचाल नाही, प्रतिक्रियासुद्धा नाही. हातात काहीच नाही आणि तरी दृश्य त्याचंच. सतीश शाह २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, तेव्हा जो तो त्यांच्या मालिकांबद्दल बोलत होता. नाना त्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "आता खरोखरचा." काकींनी त्यांच्याकडे रागाने बघितलं होतं.

या सिनेमात अशा बारीक जागा इतक्या आहेत की दिग्दर्शकाने त्या प्रेक्षकांसाठी ठेवल्या की स्वतःसाठी, असा प्रश्न पडतो. नायकांची नावं विनोद आणि सुधीर, ती त्याच सिनेमावर राबणाऱ्या विधू विनोद चोप्रा आणि सुधीर मिश्रा यांची. खून होतो त्या बागेचं नाव अँटोनिओनी पार्क. का? तर इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनीच्या १९६६ मधल्या 'ब्लो-अप'मध्येही एका फोटोग्राफरला बागेतला फोटो मोठा करताना खुनाचा पत्ता लागतो. नुसतं एक नाव, जाता जाता येणारं. कळलं तर कळलं. न कळणाऱ्यांचं काही अडत नाही आणि कळलेला माणूस अंधारात एकटाच हसतो, शेजारचा त्याच्याकडे संशयाने बघतो.

"आणि शेवटचं नाटक," नाना म्हणाले.

महाभारतातलं वस्त्रहरण चालू आहे. द्रौपदीच्या साडीत ते प्रेत आहे, दुःशासन झालाय विधू विनोद चोप्रा, भीम झालेल्या ओम पुरीच्या डोळ्यांवर काळा गॉगल. थोड्याच वेळात सलीम आणि अकबरसुद्धा या गोंधळात येऊन पडतात. सगळे ओढाओढ करत असतात आणि सगळ्यांकडे बघता बघता आपलं एका माणसाकडे दुर्लक्ष होतं. धृतराष्ट्र. तो आंधळा. त्याला बिचाऱ्याला नाटक कुठून कुठे गेलं याची कल्पनाच नाही. जे चाललंय ते काय आहे, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारतो, आणि त्याला उत्तर द्यायला कोणाला वेळ नाही. अख्ख्या रंगमंचावर शहाणा प्रश्न विचारणारा तो एकटा.

काकी माझं ऐकत होत्या की नाही कोण जाणे. "आमच्या वेळी जाड्या-रड्या होते," त्या म्हणाल्या. "ते बोलायचे तरी कुठे?"

हे त्या माझ्याच बाजूने बोलल्या, पण मी ते दाखवलं नाही. जाड्या, म्हणजे हार्डी, त्याचं सगळं मोठेपण बघण्यात आहे. रड्याने काशी केली की तो ओरडण्याआधी आपल्याकडे, थेट कॅमेऱ्यात बघतो. १९३२ च्या 'द म्युझिक बॉक्स'मध्ये दोघं एक पियानो लांबलचक जिन्याने चढवतात, तो खाली येतो, पुन्हा चढवतात. पियानो पडण्यात काय मोठं? पण पडल्यावर जाड्या आपल्याकडे बघतो ते 'तुम्हीच सांगा आता' अशा नजरेने. आपण त्याचे साक्षीदार होतो. आणि पु. लं.च्या 'म्हैस'मध्ये एसटीतला प्रत्येक जण बोलतो. जिच्यावरून एवढं रामायण, ती तेवढी गप्प. शेवटी तीच उठून चालायला लागते.

आता टीव्हीवर हे अवघड झालंय. विनोद झाला की लगेच ठ्यांव आवाज आणि पाठोपाठ हसणाऱ्यांचे चेहरे. 'हास्यजत्रा' मी आवडीने बघते, पण त्यातही मला मुख्य कलाकारापेक्षा त्याच्या शेजारी उभा राहून ओठ दाबणारा जास्त आवडतो. कॅमेरा त्याच्यावरून निघाला की माझी चरफड होते.

"ते राहू दे," काकींनी विषय मिटवला. "नणंदेचं सांगायचं राहिलं. पैठणीवरून बिनसलंन. आरतीच्या आधी तोंडाला पदर लावून उठली ती थेट मागीलदारी, विहिरीपाशी. डोळ्यांना पाणी. मी बघितलं ना! त्या सुनेला मी चांगली ओळखून आहे."

नानांनी शेवटची डाळिंबी सोलली. "हसत होती."

"कशाला?"

"पंखा. संकल्पापासून धरून ठेवलंन. कथेचे पाच अध्याय."

काकी एकदा नानांकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी ही नणंदेची बातमी आळीतल्या चार घरांत तरी सकाळीच पोचवली होती, हे मला दूधवाल्याकडून कळलेलं होतं. मी काही बोलले नाही. काकींचा चेहरा बघत राहिले.

तेवढ्यात सर आली आणि गप्पा मोडल्या. वाचणाऱ्यांना एवढंच सांगते: 'जाने भी दो यारो' पुन्हा कुठे लागला तर चुकवू नका, आणि शेवटच्या नाटकात द्रौपदीकडे नको, धृतराष्ट्राकडे बघा. शेजारी बसलेल्याला मात्र आधी सांगू नका.