अर्धा मोल टक्का

"सर, पेलेटमधून करंट गळतोय."

"मँगनीज घाल. अर्धा मोल टक्का."

"सर, पेलेट घट्ट होत नाहीये."

"कॉपर ऑक्साईड. एक टक्का. त्याच्या वर जाऊ नकोस."

"सर, चार महिने फेलोशिप आली नाहीये."

इथे मात्र सर थबकतात. आवर्त सारणीत यावर इलाज नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

बिनशिशाच्या पीझोइलेक्ट्रिक सिरॅमिकला वाहून घेतलेला हा माणूस कुठल्याही विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात, शक्यतो टोकाच्या खोलीत, भेटू शकतो. ओळख सोपी आहे. बोटांवर चांदीच्या पेस्टचे डाग असतात आणि नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत शिशाची बदनामी सुरू होते. दाबलं की वीज देणारे स्फटिक क्युरी बंधूंनी 1880 साली दाखवले, आणि वीज दिली की तेच स्फटिक हलतात हे पुढच्या वर्षी, तिथून सर निघतात. सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये आणि पाणबुडीच्या सोनारमध्ये आज जे सिरॅमिक बसलंय ते लेड झिर्कोनेट टायटेनेट, आणि त्याच्या वजनात 60 टक्क्यांहून जास्त शिसं, हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. एखाद्या घरातली भानगड सांगावी तसा. युरोपनं 2006 पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर बंदी आणली, पण नेमकी या सिरॅमिकला सूट दिली, कारण त्याच्या तोडीचा पर्याय नव्हता. सरांचा सगळा संसार या सुटीवर उभा आहे. पर्याय सापडला तर संशोधन संपेल. सापडणारच नाही असं ठरलं तर अनुदान संपेल.

त्यांचं लाडकं अपत्य म्हणजे पोटॅशियम सोडियम नायोबेट. अपत्य गुणी, पण नाजूक. भट्टीत 1100 अंशांच्या आसपास तापवावं, तर पोटॅशियम आणि सोडियम वाफ होऊन निघून जातात. थोडं कमी तापवावं, तर पेलेट, म्हणजे पावडर दाबून केलेली चकती, भुसभुशीत. त्यात कच्चा माल पोटॅशियम कार्बोनेट, हवेतलं पाणी ओढणारा. जुलैत तो तराजूवर ठेवला की आकडा डोळ्यांदेखत चढत जातो. एकदा एका विद्यार्थ्यानं पावसाळ्यात पावडर ओव्हनमध्ये न वाळवताच तोलली. "तू पोटॅशियम नाही, पाऊस तोललास," असं म्हणून सरांनी सगळी बॅच सिंकमध्ये ओतायला लावली.

डोपिंग म्हणजे अशा पदार्थात दुसरं मूलद्रव्य चिमूटभर घालणं. खेळाडूंवर या कारणासाठी बंदी येते. सरांना बढती मिळाली. शुद्ध नायोबेट साधारण 200 अंशांवर आपली स्फटिकरचना बदलतं. लिथियम, टँटलम, अँटिमनी घातले की तो बदल खोलीच्या तापमानापर्यंत खाली ओढता येतो. मग पदार्थाला दोन रचनांपैकी कुठली धरावी ते ठरवता येत नाही, आणि या दुविधेत असताना तो विजेला सगळ्यात चांगला प्रतिसाद देतो. 2004 साली जपानी संशोधकांनी याच तिघांच्या मदतीनं, वर स्फटिककणांना एका दिशेत बसवून, बळाच्या दर न्यूटनमागे 416 पिकोकूलंब विद्युतभार काढून दाखवला. तो आकडा सर घरच्या फोन नंबरासारखा म्हणतात. मात्र अशा दुविधेतल्या पदार्थाचा गुण तापमान बदललं की घसरतो, हे ते पुढच्या वाक्यात सांगतात, जरा भरभर.

तांब्याची गोष्ट उलटी. नायोबियमच्या जागी तांबं बसलं की विद्युतभाराचा हिशेब जुळवण्यासाठी ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात. त्या रिकाम्या जागा आतल्या डोमेनच्या, म्हणजे एकाच दिशेनं ध्रुवीकरण झालेल्या भागांच्या, भिंती जखडून ठेवतात. पदार्थ 'हार्ड' होतो. तापत कमी, पण हलतही कमी. ज्यात भिंती मोकळेपणानं सरकतात तो 'सॉफ्ट'. हालचाल भरपूर, नासाडीही भरपूर. सरांनी विभागातल्या सगळ्यांची वर्गवारी याच पद्धतीनं केली आहे. अकाउंट्सचे साहेब हार्ड. नवे सहायक प्राध्यापक सॉफ्ट. कुलगुरूंबद्दल मत देण्याआधी त्यांना एक्सआरडी, म्हणजे आतली रचना दाखवणारी क्ष-किरण तपासणी, हवी आहे. वहिनींचं म्हणणं असं, की सर स्वतः घरात सॉफ्ट आहेत आणि लॅबमध्ये उगाच हार्ड.

त्यांच्या टेबलाच्या खणात, रुमालात गुंडाळलेली, एक चकती असते. मोजमापाचं यंत्र बरोबर चाललंय का हे तपासायला ती लागते. चकती शिशाची आहे. पाहुणे आले की खण बंद होतो.

थिसिसचा आराखडा ठरलेला: डोपिंग 0, 0.2, 0.4, 0.6, 0.8 मोल टक्के. आलेख चढतो, मध्ये शिखर येतं, मग उतरतो. शिखर आलं की विद्यार्थिनी डॉक्टर. परवाच्या व्हायव्हात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, "0.8 ला का थांबलात? 1 का नाही घेतला?"

विद्यार्थिनीनं सरांकडे पाहिलं. सरांनी छताकडे.

"सर, टँटलमची बाटली संपली," ती म्हणाली.

परीक्षकांनी मान डोलावली. "आमच्याकडे लँथॅनम संपलं होतं. 0.6 ला."

मग दोघांनी चहा मागवला.