कोल्ह्याविना शिकारी

जॅक रसेल टेरियर ही जात 19व्या शतकात इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यातल्या एका शिकारवेड्या पाद्र्याने घडवली. काम एकच: बिळात शिरून कोल्ह्याला हुसकावून बाहेर काढायचं.

आता हा गडी पुण्यातल्या टू-बीएचकेत नांदतो. ‘लहान चणीचा आहे, फ्लॅटमध्ये मावेल’ एवढ्याच हिशेबाने आणलेला. तो मावतो खरा. त्याचा उत्साह मावत नाही. कोल्हा मिळत नाही, म्हणून तो सोफा उकरतो, कुंड्या उपसतो, कुरियरवाल्याला पिटाळतो. मालक म्हणतात, ‘फार व्रात्य आहे हो!’ व्रात्य कसला? बिचारा वंशपरंपरागत नोकरी इमानाने बजावतोय.

रोज तासभर त्याला पळवायची, त्याच्या नाकाला आणि डोक्याला काम द्यायची तयारी नसेल, तर सरळ मासे पाळा. मासे सोफा उकरत नाहीत.